दोन वर, एक बाजूला

(पडद्यावर: लातूरचा मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार. तुरीच्या पोत्यांच्या थप्प्या. मागे डाळ मिलची घरघर.)

मोंढ्यातली तूर मिलमध्ये शिरते ती पत्र्याच्या एका तोंडातून. वर रुंद, खाली निमुळतं, चारही अंगांनी तिरकं. मिलवाले त्याला हॉपर म्हणतात. तिफणीवरचं चाडं ज्यानं बघितलंय त्याला याची ओळख करून द्यायला नको. काम तेच. फरक एवढाच की चाडं गोल असतं आणि हे चौकोनी. चौकोन आला की कोपरे आले, आणि तिथूनच सगळा घोळ सुरू होतो.

(दृश्य बदलतं: वाळूज एमआयडीसी, सकाळची पाळी.)

1985 साली बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला. त्याच्या आसऱ्यानं पत्राकामाची कितीतरी लहान शेडं उभी राहिली. अशाच एका शेडमध्ये, प्रेस ब्रेकच्या, म्हणजे पत्रा वाकवणाऱ्या मशीनच्या, दणक्यापासून काचेच्या एका भिंतीनं वेगळ्या केलेल्या खोलीत, उदगीरचा एक पोरगा कॉम्प्युटरसमोर बसलाय. डिप्लोमा झालाय, हात चलाख आहे. काम छोटंच: मिलच्या फीडरवर, म्हणजे धान्य पुढं सोडणाऱ्या यंत्रावर, बसणारं हॉपर. तळ 200 बाय 200 मिलिमीटर, चार तिरक्या भिंती, प्रत्येकीची तिरकी लांबी 120, उतार 60 अंश, पत्रा 2 मिलिमीटर.

तळाचा चौकोन काढला, चार कडा निवडल्या, फ्लँजचा, म्हणजे वाकवून उभ्या केलेल्या भिंतीचा, कोन भरला. चारही भिंती क्षणात उभ्या. इथं एक गल्लत नेहमी होते. काही ठिकाणी कोन सपाट पत्र्यापासून मोजतात, काही ठिकाणी दोन बाजूंच्या मधला. 60 भरायचे तिथं 120 पडतात आणि हॉपर आतल्या बाजूला मिटतं. पोरगा त्यातून सुटला. पण कोपरे उघडेच राहिले. खाली दोन भिंती एकमेकींना टेकलेल्या आणि वर त्यांच्यात 85 मिलिमीटरची फट. पाकळ्या उघडलेलं फूल म्हणा हवं तर. धान्य मात्र त्यात राहायचं नाही.

ही फट भरायची तर प्रत्येक भिंत वरच्या बाजूला रुंद व्हायला हवी, म्हणजे तिच्या दोन्ही कडा तिरप्या कापायला हव्यात. किती तिरप्या? पोरानं तोंडी हिशेब केला. उतार 60, काटकोन 90, उरले 30. भरले 30.

आता प्रत्येक भिंतीची कड वर 9 मिलिमीटर जास्त गेली. दोन भिंती एकमेकींत घुसल्या. पडद्यावर पत्रा पत्र्यातून आरपार जातो, कुरकूरसुद्धा करत नाही. लेझरनं कापून बेंडिंगला गेल्यावर करतो.

"मामा, कोपरा बसना गेलाय."

प्रेस ब्रेकवरचे मामा हात पुसत आत येतात. "काय करायलास दाखव."

पडद्याकडे ते फार वेळ बघत नाहीत. बाहेर जाऊन खोक्याचा पुठ्ठा आणि कात्री घेऊन येतात.

"ही तिरकी भिंत दोन बोटं वर चढली की किती बोटं बाहेर सरकते?"

"साठचा उतार हाय... एक."

"मग शेजारची बी एकच सरकली ना? तिला गाठायला हिला तेवढंच रुंद व्हावं लागंल. दोन वर, एक बाजूला. आणखी काय?"

(जवळून: पुठ्ठ्यावर पेन्सिलीची रेघ.)

मामा बोलले ते त्रिकोणमितीच आहे, फक्त बोटांवर मोजलेली. 120 मिलिमीटर तिरकं चढताना भिंत 60 मिलिमीटर बाहेर झुकते. शेजारचीही तेवढीच झुकते. म्हणून कडेला 120 मागे 60 ची वाढ. हा कोन भरतो 26.57 अंश. सूत्रात सांगायचं तर उताराच्या कोसाइनचा उलटा टॅन्जंट. उतार 45 असता तर हाच काप 35.26 झाला असता. वजाबाकी करून यातला एकही आकडा मिळत नाही.

यातली खरी गंमत वेगळीच आहे. भिंतीचा काप नुसत्या तिच्या उतारावर ठरत नाही, शेजारणीच्या उतारावरही ठरतो. शेजारची सरळ उभी असेल तर हिची कड कापायचीच नाही, ही कितीही तिरकी असली तरी. एक 60 ची आणि शेजारची 45 ची असेल, तर पहिलीचा काप 40.9 आणि दुसरीचा 22.2. शिवाय उंची सारखी यायची म्हणून तिरक्या लांब्याही वेगळ्या: एक 120, तर दुसरी 147. असं केलं तरच कोपऱ्यात भेटणाऱ्या दोन्ही कडा सारख्या लांबीच्या होतात. दोन्हीकडे एकच आकडा भरणारे पुष्कळ भेटतात. मीही एकदा भरला होता, आणि तो पत्रा कुठं गेला ते विचारू नका.

आता सॉफ्टवेअर. सॉलिडवर्क्समध्ये क्लोज्ड कॉर्नर नावाची सोय आहे, ती काटकोनात नसलेले कोपरेही मिटवते. फुकट मिळणाऱ्या फ्रीकॅडमध्ये शीट मेटलचं वर्कबेंच, म्हणजे पत्राकामाची जोड, वेगळं बसवावं लागतं. त्यात कड तिरपी कापायचा कोन स्वतः भरता येतो किंवा ऑटोवर सोडता येतो. लायसन्सचे पैसे नसलेल्या पोरांनी यावर हात बसवावा. बटण जरूर दाबा. पण आकडा काय यायला हवा हे आधी ठाऊक असेल तरच त्यानं दिलेलं चूक की बरोबर ते कळेल.

कोपऱ्याच्या अगदी मुळाशी, दोन बाकांच्या, म्हणजे पत्रा वाकतो त्या, रेषा भेटतात तिथं, छोटं भोक ठेवायचं. नाहीतर वाकवताना पत्रा तिथंच फाटतो. आणि बाकात पत्रा ताणला जातो, त्याचाही हिशेब असतो. पत्र्याच्या जाडीत ताण न पडणारा थर आतून किती अंतरावर आहे त्या प्रमाणाला के-फॅक्टर म्हणतात. आतली गोलाई 2 मिलिमीटर, के-फॅक्टर 0.44 धरला तर 60 अंशांच्या बाकाला सपाट पत्र्यात 3.02 मिलिमीटर लागतात. पत्रा उलगडताना सॉफ्टवेअर ते धरतं, मात्र के-फॅक्टर आपल्या मशीनचा हवा, पुस्तकातला नको.

(मिलमध्ये. हॉपरच्या आतून वर बघणारा कॅमेरा.)

मिलवाल्याला या आकड्यांशी देणंघेणं नाही. त्याला एवढंच दिसतं की डाळ कोपऱ्यात अडकते. कारण भिंती 60 च्या असल्या तरी त्यांच्या मधली कोपऱ्याची रेघ 50.8 अंशांचीच उतरते. सगळ्यात कमी उताराची जागा तीच. शिवाय तिथला आतला कोन काटकोन नसतो, 104.5 अंशांचा असतो. गुण्या लावून बघणारा तिथं हमखास फसतो. या रेघेत वेल्डिंगचा उंचवटा राहिला की डाळीला थांबायला बहाणा मिळतो.

(परत शेडमध्ये. संध्याकाळ.)

लेझरवरून पत्रा येतो: मधे चौकोन, चार बाजूंना वर रुंद होत गेलेल्या चार पाकळ्या, चार कोपऱ्यांत चार भोकं. मामा चार बाक घेतात. खोक्याच्या पुठ्ठ्याचं हॉपर शेजारीच ठेवलेलं आहे, त्याच्याकडे एकदा बघतात. मग कोपऱ्यावरून खालून वर नख फिरवतात. अर्ध्या मिलिमीटरची फट, शेवटपर्यंत सारखी.

"घे टाकून," ते म्हणतात. वेल्डर डोळ्यांवर काच ओढतो.