सेटलमेंटचा हप्ता आणि थेरगावातला वन बीएचके

पिंपरी-चिंचवडमधल्या थेरगावातली ही बिल्डिंग, लिफ्ट बंद, ब्रोकर पुढे आणि हे दोघं मागे. भाडं 19,000, डिपॉझिट 50,000, ब्रोकरचं एक महिन्याचं भाडं वेगळं, म्हणजे चावी हातात यायच्या आधी 88,000 रुपये मोजायचे. ती गॅलरीत उभी राहून पाणी किती वेळ येतं विचारतेय आणि हा मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडून बसलाय, कारण याच महिन्याच्या 25 तारखेला त्याला बँकेत 40,000 भरायचेत.

नोकरी गेली तेव्हा त्याचं पर्सनल लोन थकलं. व्याज, दंड धरून आकडा 3,40,000 वर गेला, मग बँकेशी बोलून सेटलमेंट झालं, 1,60,000, चार हप्त्यांत. ऐकायला भारी वाटतं, पण पत्रात खाली एक ओळ असते, हप्ता चुकला की सेटलमेंट रद्द आणि जुना आकडा पुन्हा उभा. लोक घर बघताना सिबिल सिबिल (कर्जफेडीचं रेकॉर्ड आणि स्कोअर) करत घाबरतात ना, ते चुकीच्या जागी घाबरतात. साधा घरमालक कुठे सिबिल बघतो? या काकांनी विचारलं काय, तर कुठे काम करता, नॉनव्हेज करता का, आणि लग्न झालंय का.

लग्न झालेलं नाही. दोन सज्ञान माणसं लग्नाशिवाय एकत्र राहिली तर तो गुन्हा नाही, हे सुप्रीम कोर्टाने अभिनेत्री खुशबूच्या प्रकरणात 2010 लाच सांगितलंय, पण निकाल दाखवून फ्लॅट मिळत नसतो. शेवटी काकूच म्हणाल्या, "अहो द्या त्यांना, भाडं वेळेवर आलं म्हणजे झालं."

ब्रोकर म्हणे ॲग्रीमेंट एकाच्याच नावावर करू, पटकन होईल. ती म्हणाली, दोघांच्या. बरोबर बोलली, उद्या काही बिनसलं तर कागदावर नाव नसलेल्याला कोण विचारतो! अर्थात दोघांची सही म्हणजे भाडं थकलं तर काका तिच्याकडेही मागणार. त्याच्या लोनशी मात्र तिचा संबंध नाही, ती को-ॲप्लिकंट (सहकर्जदार) नाही की गॅरंटर (जामीनदार) नाही, रिकव्हरीवाला दारात आला तरी तिने रुपया द्यायची गरज नाही. आणि वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी, संध्याकाळी 7 नंतर करायचे नाहीत असं आरबीआयने ऑगस्ट 2022 मध्ये बजावलंय.

ॲग्रीमेंट लिव्ह अँड लायसन्सचं, म्हणजे नेहमीचा भाडेकरार, 11 महिने. नोंदणी कंपल्सरी, आणि ती करून घेणं कायद्याने घरमालकाचं काम. स्टँप ड्युटी पाव टक्का, इथे साडेपाचशेच्या आसपास, वर नोंदणीचे 1,000. एक पोरगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच आला. काकांचा अंगठा मशीन काही केल्या घेईना, ते साबणाने हात धुवून आले, पुसून बसले, तेव्हा कुठे घेतला.

पैशाचं घासाघीस करून जमलं. डिपॉझिटचे 30,000 आत्ता, 20,000 दोन महिन्यांनी, आणि हे तोंडी नाही, ॲग्रीमेंटमध्ये लिहून. डिपॉझिट तिच्या खात्यातून गेलं, पावतीही तिच्या नावाची (इथेच बरेच जण गंडतात, परत मिळताना पैसे कुणाचे यावर भांडणं). भाड्याचं ऑटो-पे पण तिच्याच खात्यावर, कारण त्याचं सॅलरी अकाउंट ज्या बँकेचं लोन थकलं तिथेच होतं, आणि अशा खात्यातली रक्कम बँक थकबाकीत वळती करून घेऊ शकते, म्हणजे भाड्याला ठेवलेले पैसे सकाळी बघावं तर गायब. पगार त्याने आता दुसऱ्या बँकेत वळवलाय.

25 तारखेचा हप्ता वेळेवर भरला गेला. सगळे हप्ते फिटले की नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नाही असं बँकेचं पत्र घ्यायचं, तरी सिबिलवर 'क्लोज्ड' (पूर्ण फेडलं) नाही, 'सेटल्ड' (तडजोडीत मिटवलं) असंच दिसणार, म्हणजे होम लोनचं नाव काही वर्षं काढायला नको. ती सध्या तो विषयच काढत नाही, तिचं एकच, काकांनी गिझर बसवून द्यावा. आणि काका म्हणतात, बसवू की, तुमचे राहिलेले 20,000 आले की.