घाट उतरण्याची तयारी नागपुरातच

(दृश्य: वाडी परिसरातील गोदामे, माल भरून, दोर आवळून निघण्याच्या तयारीत असलेले ट्रक.)

अमरावती रस्त्यावरील वाडी, भंडारा रस्त्यावरील कापसी किंवा बुटीबोरीची औद्योगिक वसाहत, यांपैकी कोठूनही मुंबईकडे निघालेल्या ट्रकला शेवटी सह्याद्री उतरावाच लागतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे आणि इगतपुरी त्याच्या जवळजवळ दुप्पट. मात्र ही चढण शेकडो किलोमीटरवर पसरलेली असल्यामुळे चालकाला फारशी जाणवत नाही. इगतपुरी ते कसारा या टप्प्यात मात्र सुमारे ३०० मीटरची उंची मोजक्या किलोमीटरांत उतरायची असते, आणि ती उतरवणारा माणूस बहुधा रात्रभर सरळ रस्त्यावर गाडी हाकून थकलेला असतो.

(दृश्य: कसारा घाटातील वळण, उतारावरील जड वाहनांची रांग.)

४० टन वजनाचा ट्रेलर ३०० मीटर खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यावर हिशेबाने साडेतीनशे लिटर पाणी उकळेल. इंजिनाने आणि गिअरने यातला वाटा उचलला नाही, तर बहुतेक सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये साठते. ड्रम तापून फुगतो, लायनरची, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक रोखणाऱ्या अस्तराची, पकड सुटत जाते, आणि चालकाने पेडल तळापर्यंत दाबले तरी गाडीचा वेग उतरत नाही. बातमीत ‘ब्रेक निकामी झाले’ एवढेच छापून येते. पण पुष्कळदा ब्रेक तुटलेले नसतात, त्यांच्यावर एकट्यानेच सगळा भार पेलण्याची वेळ आणलेली असते.

यावरचा उपाय जुनाच आहे. उतार सुरू होण्याआधी खालचा गिअर टाकावा, इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक वापरावा आणि गाडी न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नये. तरीही न्यूट्रलची सवय सुटत नाही, कारण जेथे वाचलेले डिझेल चालकाच्या पदरात पडते, तेथे उतार ही त्याला कमाई वाटते. त्यामुळे केवळ चालकाला दोष देऊन हा प्रश्न सुटेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

(दृश्य: शिवमडका येथील समृद्धी महामार्गाचे प्रवेशद्वार, त्यानंतर इगतपुरीचा बोगदा.)

नागपूरजवळील शिवमडका ते भिवंडीजवळील आमणे हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यावर पूर्ण झाला. या टप्प्यातील सुमारे आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यांमुळे कसारा घाटाची वळणे टाळता येतात. अभियांत्रिकीने येथे मोठे काम केले आहे, यात शंका नाही. परंतु अतिशय तापलेली चाके घेऊन बोगद्यात शिरलेला ट्रक उघड्या घाटातल्या ट्रकपेक्षा अधिक धोक्याचा ठरू शकतो, कारण तेथे आग लागल्यास धुराला मोकळे आकाश नसते. शिवाय पथकर वाचवू पाहणारी वाहने जुन्या घाटाने येतच राहतील. त्या घाटाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

वाहतुकीच्या भरवशाचाही प्रश्न याच उतारावर उभा राहतो. अरुंद वळणावर एक ट्रेलर बंद पडला, की मागची वाहने ताटकळतात, आणि कळमन्याच्या बाजारातून निघालेली संत्री त्या रांगेत उन्हात तापतात. घाटाच्या माथ्यावर आणि पायथ्याशी कायम सज्ज असलेली जड क्रेन, चढाच्या बाजूला संथ वाहनांसाठी वेगळी मार्गिका, आणि ताबा सुटलेल्या वाहनासाठी खडी भरलेली चढती पट्टी, ही कामे बोगद्याइतकी देखणी नाहीत. पण कोंडीचे तास त्यांनीच कमी होतात.

समृद्धीवर परिवहन विभागाने गुळगुळीत टायरच्या वाहनांना प्रवेशद्वारावरूनच परत पाठवण्याची मोहीम राबवली होती. तीच कसोटी जड वाहनांच्या ब्रेकला लावता येईल. लायनरची जाडी, हवेच्या नळ्यांची गळती आणि एक्झॉस्ट ब्रेकची स्थिती नागपुरात माल भरतानाच तपासली, तर घाटाच्या तोंडाशी वाहन थांबवून वाहतूक तुंबवण्याची गरज उरत नाही. या तपासणीसाठी ट्रक थोडा उशिरा निघेल, आणि तो वेळ माल पोहोचवण्याच्या करारात मालधन्याने आधीच धरायला हवा. अन्यथा चालक तो उतारावर भरून काढेल.