दाभोळची टाकी, युरोपचा हिवाळा

(अंजनवेल, गोपाळगड. ड्रोन दृश्य.)

गुहागर तालुक्यातलं अंजनवेल. एका बाजूला वाशिष्ठीची खाडी, दुसऱ्या बाजूला दाभोळचं एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूचं, टर्मिनल. कोकण आजही या जागेला एन्रॉन म्हणूनच ओळखतं. ती अमेरिकी कंपनी 2001 मध्ये दिवाळखोरीत गेली. इथं वायू उतरू लागला तो 2013 मध्ये.

(जेट्टी, जहाज.)

अशा जहाजाच्या पोटात साधारण पावणेदोन लाख घनमीटर द्रव वायू मावतो, उणे 162 अंशांवर. त्या थंडीत वायूचा द्रव होतो आणि सहाशेपट कमी जागेत बसतो. जेट्टीवरचे हे पोलादी हात जहाजाला जोडायचे, मग सगळ्या नळ्या हळूहळू गार करत न्यायच्या. इथं घाई चालत नाही, धातू आकसतो आणि जोड गळू शकतात. पंप सुरू झाले की कोकणच्या दमट हवेत या जोडांवर पांढरंशुभ्र बर्फ धरतं. जहाज रिकामं व्हायला जवळजवळ एक दिवस लागतो. टाकीतल्या द्रवाला ऊब देऊन त्याचा पुन्हा वायू करतात आणि तो पाइपलाइनने पनवेलकडे, बंगळुरूकडे निघतो.

(ब्रेकवॉटर.)

पूर्वी पावसाळ्यात इथं जहाज लागतच नसे. समुद्र खवळला की टर्मिनल बंद. म्हणून लाटा अडवणारी ही भिंत बांधली.

(टाकी, जवळून.)

टाकी डोळ्यांत मावत नाही. पण हिशेब करून पाहा. एका जहाजातून साधारण दहा कोटी घनमीटर वायू मिळतो. देशाला दिवसाला लागतो अठरा-एकोणीस कोटी. म्हणजे एवढं मोठं जहाज देशाला अर्धा दिवस पुरतं. टाकीत फार काळ ठेवताही येत नाही, कारण थोडा द्रव रोज आपसूक उकळतोच. टाकी म्हणजे धर्मशाळा, आलेल्याने पुढे निघायचं.

(नकाशा: युरोपमधले साठे.)

महिनोनमहिने वायू साठवतात तो जमिनीखाली, उपसून झालेल्या जुन्या वायूक्षेत्रांत किंवा मिठाच्या थरांत कोरलेल्या पोकळ्यांत. युरोप उन्हाळ्यात भरतो, हिवाळ्यात काढतो. भारत वर्षभरात जेवढा वायू वापरतो, त्याहून जास्त तिथल्या साठ्यांत मावतो. म्हणूनच व्यापारी दराचा अंदाज बांधताना आधी हे साठे किती टक्के भरलेत ते पाहतात.

2021 च्या हिवाळ्याआधी हे साठे नेहमीपेक्षा कमी होते. जर्मनीतलं सर्वांत मोठं कोठार रेडेनचं. ते रशियाच्या गॅझप्रॉमकडे होतं आणि जवळपास रिकामं होतं. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं. आशियात तातडीच्या एलएनजीचा दर 2020 मध्ये दशलक्ष बीटीयूला (बीटीयू हे उष्णतेचं माप) 2 डॉलरच्याही खाली गेला होता. मार्च 2022 मध्ये तो 80 डॉलरपार गेला. 1 नोव्हेंबरपर्यंत साठे 80 टक्के भरायचे, असा कायदाच युरोपने केला. पडेल ती किंमत मोजून 90 च्याही वर भरले. जहाजं तिकडे वळली.

(मुंबई, सीएनजी पंप, रिक्षांची रांग.)

ऑगस्ट 2022 मध्ये मुंबईत सीएनजी 86 रुपये किलो झाला. गुजरातेत मोरबीतले टाइल्सचे कारखाने प्रोपेन या दुसऱ्या इंधनाकडे गेले.

(पुन्हा दाभोळ, संध्याकाळ.)

कच्च्या तेलासाठी आपण विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूरला खडकात कोठारं खोदली. वायूसाठी एकही नाही.

अमेरिकेत नवे प्रकल्प उभे राहतायत. कतारने आपली क्षमता वर्षाला 7.7 कोटी टनांवरून 14.2 कोटी टनांवर न्यायचं ठरवलंय. हा वायू बाजारात आला की दर उतरायला वाव आहे. मात्र कतारचं प्रत्येक जहाज होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतं, आणि युरोप हिवाळ्यातून रिकाम्या साठ्यांनिशी बाहेर पडला की उन्हाळ्यातही दर चढे राहतात. स्वस्तात घेऊन ठेवायला आपल्याकडे जागा हवीच. ओसरत आलेली वायूक्षेत्रं देशात आहेत. त्यांची तपासणी, काँप्रेसर, नव्या विहिरी, सगळ्याला वर्षं लागतात. शिवाय दाब टिकवण्यासाठी बराच वायू आत कायमचा सोडावा लागतो, आणि तो विकत घ्यायचा तर दर पडलेले असतानाच.