कासिंजा की कासिंगा?

नमस्कार श्रोतेहो. आज कायद्याचं बोलायचंय, पण रेडिओ बंद करू नका. कलम एकच आहे, बाकी गोष्ट.

ते एक कलम मात्र कान देऊन ऐका. निर्वासितांविषयीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार म्हणतो की निर्वासित ठरायचं तर मायदेशी छळाची साधार भीती हवी, आणि तो छळ पाचांपैकी एका कारणासाठी होणारा हवा. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत. मोजलीत? पाच. बाई असणं हे कारण त्यात नाही.

करार घडत होता तेव्हा भेदभावाच्या कलमात ‘लिंग’ हा शब्द घाला, असं युगोस्लाव्हियाच्या प्रतिनिधीनं सुचवलं होतं. खुद्द संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांनाच वाटलं, की बाई म्हणून छळ झाल्याची प्रकरणं काही येणार नाहीत. शब्द घालायचा राहिला तो राहिलाच. तीनच वर्षांपूर्वी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’च्या जागी ‘सर्व माणसं’ असं लिहायला लावणाऱ्या हंसा मेहतांची इथे आठवण येते. त्यांच्याविषयी आपण फार कमी बोलतो. असो, गोष्टीकडे येऊ.

१७ डिसेंबर १९९४. अमेरिकेतला नेवार्क विमानतळ. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशातली सतरा वर्षांची मुलगी, फौझिया कासिंजा, तपासणीच्या रांगेत उभी आहे. हातात ब्रिटिश पासपोर्ट, तोही दुसऱ्याच्या नावाचा. खिडकीपाशी पोचल्यावर ती काय करते? आपण होऊन सांगते, हा माझा नाही, मला इथे आश्रय हवाय.

तिच्या वडिलांना मुलींचा खतना, म्हणजे जननेंद्रियाचा भाग कापण्याची प्रथा, मान्य नव्हता. चारही थोरल्या बहिणी त्यांच्यामुळे सुटल्या. १९९३ मध्ये वडील गेले, घराची सूत्रं आत्याकडे आली, आईला घर सोडावं लागलं. आत्यानं फौझियाचं लग्न लावलं ते पंचेचाळीस वर्षांच्या, तीन बायका असलेल्या माणसाशी. आता खतना व्हायचा होता. त्याआधीच बहिणीनं तिला गुपचूप घानात पोचवलं, तिथून जर्मनी, आणि मग ही रांग.

खरं बोलल्याबद्दल तिला काय मिळालं? बेड्या आणि कोठडी. पहाटेच्या नमाजाआधी, वेळ होण्याआधी अंग धुतलं म्हणून एकदा एकांतकोठडीसुद्धा. सगळे मिळून सोळा महिने.

अमेरिकेत अशा अर्जदाराला सरकार वकील देत नाही. हे पुन्हा सांगते, कारण अनेकांना खरं वाटत नाही: सरकार वकील देत नाही. फौझियाची बाजू न्यायाधीशासमोर मांडली ती लेली मिलर नावाच्या कायद्याच्या विद्यार्थिनीनं. मूट कोर्टाच्या, म्हणजे लुटुपुटीच्या खटल्यांच्या स्पर्धांतल्या, ट्रॉफ्या कपाटात रचण्यापेक्षा विद्यार्थ्यांच्या हाती एक तरी जिवंत फाइल द्यावी, असं माझं जुनं म्हणणं आहे. पण ऑगस्ट १९९५ मध्ये लेली हरली. न्यायाधीशांना मुलीची हकिगत पटेना. स्वतःची आई सध्या कुठे आहे हे हिला माहीत नाही, असं कसं? तोवर आठ महिने कोठडीत काढलेल्या मुलीला हा प्रश्न!

मग कॅरेन मुसालो या वकीलबाई आल्या. बायकांसाठी लढणारे वकील करतात काय, ते इथे दिसतं. छळ होईल एवढं सांगून भागत नाही. तो का होईल, हे सांगावं लागतं. टोगो जाणणाऱ्या अभ्यासकाची साक्ष कागदावर आली. घरात कोणाची सत्ता चालते, पोलीस मध्ये का पडत नाहीत, आई परागंदा होणं का शक्य आहे, एकेक गाठ सुटत गेली. आणि पाच कारणांतलं चौथं पकडलं गेलं: सामाजिक गट. १३ जून १९९६ ला अमेरिकेच्या इमिग्रेशन अपील मंडळानं तो गट शब्दांत बांधला. फौझियाच्या चांबा-कुन्सुंतू जमातीतल्या, खतना न झालेल्या आणि त्याला विरोध असणाऱ्या तरुणी. आश्रय मिळाला.

या वाक्याची लांबी पाहिलीत? ‘बायका’ एवढंच म्हटलं असतं तर गट फार मोठा झाला असता, म्हणून ही काटछाट. इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठानं, १९९९ मध्ये शाह आणि इस्लाम या आडनावांच्या दोन बायकांच्या खटल्यांत पाकिस्तानातल्या बायकांना सरळ सामाजिक गट मानलं. कॅनडानं तर बायकांच्या अशा अर्जांसाठी मार्गदर्शक सूचना १९९३ मध्येच काढल्या होत्या. अमेरिकेत मात्र दार उघडतं, लोटलं जातं. नवऱ्याच्या मारहाणीतून पळालेल्या बायकांसाठी २०१८ मध्ये ते जवळजवळ लागलं, २०२१ मध्ये किलकिलं झालं, आणि ओढाताण चालूच आहे. शिवाय तिथे अर्ज पोचल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. वर्षाच्या आत, लक्षात ठेवा. ज्या बाईला झालेलं तोंडातून काढायलाच दोन वर्षं लागतात, तिनं काय करावं?

आणखी एक. या बायकांना उठसूट ‘पीडिता’ म्हणू नये. फौझिया रांगेत उभी राहून खरं बोलली होती.

लेलीनं फौझियाच्या आत्मकथनातून मिळालेल्या आपल्या वाट्याच्या पैशातून १९९७ मध्ये अशा बायकांसाठी संस्था काढली, ताहिरिह जस्टिस सेंटर. आणि सुरुवातीलाच सांगायचं राहिलं ते आता सांगते. विमानतळावरच्या कागदावर मुलीचं आडनाव चुकलं होतं. कासिंजाचं कासिंगा झालं. निकालावर तेच छापलं गेलं. आजही असा अर्ज तयार करताना वकील आधार म्हणून लिहितात: मॅटर ऑफ कासिंगा.