परदेशात संशोधनाचं वर्ष: आधी फेलोशिप नाही, आधी माणूस

नमस्कार! पीएचडी चालू असताना वर्षभर परदेशात जाऊन काम करायचं मनात आलं, की आपण लगेच फेलोशिपच्या याद्या उघडून बसतो. माझं सांगणं असं, की याद्या थोडा वेळ मिटा. आधी तिकडचा माणूस पक्का करा. अमेरिकेची फुलब्राइट फेलोशिप असो नाहीतर जर्मनीची डाड (DAAD), तुमच्या अर्जाला खरं वजन येतं ते तिकडच्या प्राध्यापकाच्या पत्रानं.

आता त्या प्राध्यापकांना मेल काय करायचा? "आपलं काम थोर आहे, मार्गदर्शनाची संधी द्यावी" असे मेल त्यांना ढिगानं येतात. त्याऐवजी हे ऐका: "तुमच्या लेखातल्या तिसऱ्या आकृतीत तापमान वाढलं की सिग्नल पडतो. माझ्या नमुन्यांत तो पडत नाही. दोन्ही तुमच्या उपकरणावर शेजारी शेजारी ठेवून तपासायचेत. दहा महिने लागतील. खर्चासाठी मी अमुक फेलोशिपला अर्ज करतेय." पाचच वाक्यं, पण तिथेच का जायचं हे त्यात आलं. इतिहासवाल्यांनी उपकरणाच्या जागी दप्तरखान्यातली कागदपत्रं धरावीत. आणि हे काम घरबसल्या होण्यासारखं असेल, तर निवड समितीच्या ते लगेच लक्षात येतं.

होकार आला की लाजू नका, विचारून घ्या: त्या वर्षी तुम्ही स्वतः तिथे असाल ना? प्राध्यापक सबॅटिकलवर, म्हणजे लांबच्या अभ्यासरजेवर, निघून जातात आणि विद्यार्थी रिकाम्या केबिनसमोर उभा राहतो. बेंच फी, म्हणजे प्रयोगशाळा आणि सोयी वापरण्याचं शुल्क, आहे का, तेही विचारा. बऱ्याच विद्यापीठांत बाहेरून आलेल्या संशोधकाला ती भरावी लागते आणि फेलोशिपमधून ती मिळेलच असं नाही.

आपल्या गाइडशी बोलणं तर पहिल्याच दिवशी व्हायला हवं. हे वर्ष पीएचडीच्या मुदतीत धरणार का, इकडची शिष्यवृत्ती चालू राहणार का, हे विद्यापीठाकडून लेखी घ्या.

व्हिसाचं थोडक्यात. शेंगेन देशांत (युरोपातले सामायिक व्हिसा असलेले देश) १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा निवास परवाना लागतो. अमेरिकेच्या जे-१ व्हिसासाठी (पाहुण्या संशोधकांना मिळतो तो) डीएस-२०१९ हा फॉर्म आधी हातात हवा. तो यजमान विद्यापीठ किंवा फेलोशिप देणारी संस्था काढते. त्याला वेळ लागतो, म्हणून सगळी तयारी दीड वर्ष आधी सुरू करा.

एक गोष्ट मात्र फार कमी जण सांगतात. पुढे मारी क्युरी पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी युरोपियन युनियनची फेलोशिप) त्याच देशात करायची इच्छा असेल, तर अर्जाच्या अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत तिथला मुक्काम १२ महिन्यांपेक्षा जास्त झालेला चालत नाही. म्हणून "अजून दोन महिने थांब" असा प्रेमळ आग्रह झाला, तर आधी कॅलेंडर काढा आणि दिवस मोजा.

आणि तिथे गोळा होणारा डेटा परत नेता येईल का, प्रबंधात वापरता येईल का, हे विमानात बसण्याआधी मेलवर लिहून घ्या.