सान कॅलिस्तो: निजलेल्यांचे कोनाडे

(दृश्य: आपिया रस्त्याचे काळे दगड, कडेला सरूची झाडं)

रोमच्या वेशीतून दक्षिणेला निघालेला हा आपिया रस्ता. शहराच्या आत दफन करायचं नाही, असा रोमन कायदा होता. त्यामुळे माणसाचा शेवटचा प्रवास वेशीबाहेर, इथवर यायचा.

सान कॅलिस्तोच्या भुयारी ख्रिस्ती दफनभूमीत एकट्यानं फिरता येत नाही, वाटाड्यासोबतच उतरायचं. पर्यटकांना फोटो काढायला मनाई आहे. ऐन उन्हाळ्यात आलात तरी अंगावर घ्यायला काहीतरी असू द्या, कारण पायऱ्या संपेपर्यंत गारवा अंगाला झोंबायला लागतो.

(दृश्य: भिंतीवरचे कुदळीचे घाव)

हा टुफा, ज्वालामुखीच्या राखेचा दगड. आपल्या कोकणातला जांभा आठवा. खाणीत मऊ, वारा लागला की टणक. टुफाही तसाच. म्हणून तर कबरी खणणारे कामगार दिव्याच्या उजेडात एकाखाली एक असे चार थर उतरवू शकले. सगळे बोळ मिळून जवळपास २० किलोमीटर भरतात.

रोमन सत्तेकडून छळ व्हायचा त्या काळात ख्रिस्ती लोक इथे लपून राहायचे, असं अजूनही सांगितलं जातं. ते खरं नाही. सत्तेला ही जागा चांगली ठाऊक होती. इ. स. २५८ मध्ये पोप सिक्स्तुस दुसरे यांना दफनभूमीतच गाठून मारलं गेलं.

पुढे सगळं विस्मरणात गेलं. १८४९ मध्ये वरच्या द्राक्षमळ्यात पुरातत्त्वज्ञ जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी यांना संगमरवराचा एक तुकडा दिसला. त्यावर अर्धवट नाव होतं, ‘...नेलियुस, हुतात्मा’. ते पोप कॉर्नेलियुस! त्या तुकड्याचा माग काढत १८५४ मध्ये दे रोस्सी तिसऱ्या शतकातल्या पोपांच्या कबरींपाशी पोहोचले.

(दृश्य: अरुंद बोळ, दोन्ही भिंतींत कोनाडे)

गर्दी पोपांच्या त्या दालनात होते. तुम्ही मात्र या बोळात जरा रेंगाळा. रेल्वेच्या बर्थसारखे एकावर एक कोनाडे. प्रेत कापडात गुंडाळून आत ठेवायचे आणि फरशी लावून चुन्यानं तोंड बुजवायचे. ख्रिस्ती लोक अशा दफनभूमीला ‘कोएमेतेरियुम’ म्हणत, म्हणजे निजायची जागा.

आणि हा कोनाडा बघा. जेमतेम हातभर. तान्ह्या बाळाचा. असे लहान कोनाडे पावलोपावली भेटतात. रोमच्या भुयारांत कित्येक कबरींवर नावच नाही. ओल्या चुन्यात घरच्यांनी काहीतरी दाबून ठेवलेलं असतं. नाणं, शिंपला, काचेचा तुकडा. कुठे एखादी बाहुली.