गव्हाला ताप आला

नमस्कार श्रोतेहो. रव्याचा डबा उघडला आणि पोरकिडे दिसले की आपण दुकानदाराच्या नावानं बोटं मोडतो. त्याचंही पाहू, पण आधी माझ्या वडिलांची कोठी.

उन्हाळ्यात वडिलांनी वर्षाचा गहू भरला. पत्र्याची नवी कोरी कोठी, घट्ट झाकण. "मुंगी शिरणार नाही," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. गहू मात्र घाईत घेतलेला. वळवाचा पाऊस झाला होता, त्यामुळे ऊन द्यायचं राहून गेलं.

श्रावणात आत्या आली. वडिलांची थोरली बहीण. चहाच्या आधी तिनं कोठीचं झाकण काढलं, बांगड्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत हात गव्हात खुपसला. क्षणभर गप्प. मग म्हणाली, "अरे, गव्हाला ताप आलाय."

आम्ही पोरं फिदीफिदी हसलो. वडील म्हणाले, "अक्का, गव्हाला कसला ताप?"

"मग बघ की लावून!"

वडीलही हट्टी. त्यांनी खरंच ताप बघायचा थर्मामीटर आणला आणि आत्यानं दाखवलेल्या जागी खोचला. बाहेर पावसाची झड, अंगावर शाली. थर्मामीटर बाहेर काढला, तर पारा 98 वर!

आत्यानं मूठभर गहू पाण्याच्या ताटात टाकला. निरोगी दाणे तळाला बसले. अर्धेअधिक तरंगत राहिले. एक दाणा तिनं नखानं चिरला. आत पोकळ, आणि पोकळीत पांढरी, वाकडी, बिनपायाची अळी. वरून दाणा धड होता. आई तोच गहू महिनाभर निवडत होती.

तर कीड दाण्याच्या आत असते. पुन्हा सांगते, आत असते. सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, त्यात अंडं घालते आणि चिकट लुकणानं भोक बुजवून टाकते. साधारण महिन्याभरात आतून नवा सोंडा बाहेर. हजारो किडे श्वास घेतात, त्यातून ऊब आणि दमट वाफ सुटते, आणि धान्य तापतं. मुगाचं तर शेतातच सुरू होतं. भुंगा शेंगेवर अंडी घालतो. मुगावर पांढरा ठिपका दिसला तर ते अंडं. घट्ट झाकणानं बाहेरची कीड अडेल, आतली कशी अडणार?

म्हणून आधी वाळवण, मग साठवण. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. वाजला नाही तर आणखी ऊन द्या. कडुलिंबाचा पाला घालायचा तर सुकवून. ओला घातलात तर ओल तुम्हीच आत नेलीत. डाळींना एरंडेलाचा हात लावा. रवा भाजून ठेवा. आणि कोठीत वायूच्या विषारी गोळ्या टाकू नका. त्यातला फॉस्फिन माणसालाही मारतो. घरात नकोत म्हणजे नकोत.

बाकी, रव्यात एक किडा दिसला म्हणून अख्खी पिशवी कचऱ्यात टाकणारी माणसं मला समजत नाहीत. घरात चाळणी नसते, पण बरण्या बघा, काचेच्या, एकसारख्या, शोकेसात मांडल्यासारख्या! अहो, अमेरिकेत शेंगदाण्याच्या लोण्यात 100 ग्रॅमला सरासरी 30 किंवा जास्त कीटकांचे तुकडे सापडले, तर सरकार कारवाईचं बघतं. त्याखाली चालतं! आणि आपण एका पोरकिड्यावरून शिऱ्याचा बेत मोडतो.

हां, तो गहू. श्रावणात ऊन कुठलं? आईनं आणि आत्यानं दोन दिवस चाळला, पाखडला, उरलेला कढईत शेकवला. पोकळ दाणे शेजारच्या कोंबड्यांना गेले. थर्मामीटर आईनं साबणानं धुऊन डबीत ठेवला. पुढं कुणाला ताप आला की आत्या पालथ्या हातानंच बघायची. तो थर्मामीटर आम्ही कुणी तोंडात धरला नाही.